उपचारात्मक साहित्य कशावरून बेतायचं: खालच्या इयत्तेवरून की मुलाच्या चुकीवरून?

सुटे_दशक (ठाणे पश्चिम)

पाचवीतल्या मागे पडलेल्या मुलांसाठी बनवलेले बहुतेक संच उघडले की आत तिसरीचीच गणितं निघतात. अक्षर मोठं, कडेला फुगे आणि फुलपाखरं, बस्स. ते मूल त्या गणितांतून एकदा गेलेलंच आहे. तीच गणितं पुन्हा दिली की तीच चूक आणखी पक्की होते.

402 − 157 हे एकच गणित घ्या. बरोबर उत्तर 245. पण चुकलेली उत्तरं नीट बघा.

355 आलं तर मुलाने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केलाय: 7 मधून 2, 5 मधून 0. दशक सुटा करणं त्याच्या डोक्यातच नाही. 255 आलं तर शतक फोडून दशकाच्या घरात 10 आणले, त्यातला एक दशक एककाला दिला, पण 10 चे 9 केले नाहीत. 345 आलं तर शून्याचे 9 झाले, एककाचे 12 झाले, पण शतकाच्या घरात 4 तसेच राहिले.

तिघांनाही एकच पान दिलं तर निदान दोघांसाठी ते पान चुकीचं ठरतं. माझं ठाम मत आहे की साहित्य चुकीवरून बेतावं.

कोपरखैरणेकर

विश्लेषण पटलं, पण वर्गात 45 मुलं आणि शिक्षक एक. प्रत्येक चुकीचं वेगळं पान काढायचं तर वर्षभर पानंच काढत बसावं लागेल. मुलांच्या शिक्षणासाठी काम करणारी 'प्रथम' ही संस्था 1995 मध्ये मुंबईत सुरू झाली. त्यांची वाचनाची पायरी बघा: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. मुलाला समोर बसवून काही मिनिटांत पातळी ठरते, इयत्ता बाजूला ठेवून गट पडतात आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू होतं. ही पद्धत टिकली, कारण ती साध्या शिक्षकाला पेलते.

वेळेचंही बघा. शिक्षण हक्क कायद्यात 2019 ला दुरुस्ती झाली. पाचवी-आठवीला नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेची संधी द्यायची, असं त्यात आहे. त्यातला मे महिना सुट्टीचा, निम्मी मुलं गावाला गेलेली. उरलेल्या दिवसांत चुकांचं वर्गीकरण करत बसायचं का?

सुटे_दशक (ठाणे पश्चिम)

45 वेगळी पानं लागतच नाहीत. वर तीन चुका सांगितल्या, म्हणजे तीन गठ्ठे. पेपर तपासताना चूक-बरोबर अशी खूण करण्याऐवजी उत्तर बघून पेपर त्या त्या गठ्ठ्यात टाकायचा. वेळ तेवढाच लागतो.

आणि पातळीचा गट उपाय सांगत नाही. 'वजाबाकी येत नाही' या गटात हे तिघंही शेजारी बसतील.

255 वाल्यासाठी काय करायचं ते सांगतो. पुठ्ठ्यावर तीन कप्पे आखा: शंभर, दहा, एक. खेळण्यातल्या नोटा शंभरच्या 9, दहाच्या 20, एकच्या 20. (खरी गरज 18 चीच पडते, पण दोन हरवतातच.) मुलाने वहीत जे लिहिलंय तेच मांडायला सांगा: शंभरच्या 3, दहाच्या 10, एकच्या 12. मग मोजायला लावा. 412 होतात. होते 402, मग दहा रुपये आले कुठून? इथे आपण गप्प राहायचं. मूल स्वतःच दहाची एक नोट उचलतं. 345 वाल्याचे याच मांडणीत 502 होतात, शंभर जास्त. 355 वाल्याला मात्र आधी फक्त नोट मोडण्याचा खेळ द्यावा, वही बंद ठेवून.

तुर्भे_नाका

वाचनातही हेच. जोडाक्षरं येत नाहीत म्हणून जोडाक्षरांची यादी घोकून घेतात. मूल 'तुर्भे'चं 'तुभ्रे' वाचतं तेव्हा त्याला र ओळखू येतोच, चुकते ती जागा. रफार भ च्या डोक्यावर काढतात, पण उच्चारतात भ च्या आधी. डोळ्याला आधी भ दिसतो.

इथे टाळ्या कामाला येतात. तुर् – भे, दोन टाळ्या, र पहिल्या टाळीत. मुं – ब्रा, दोन टाळ्या, र दुसऱ्या टाळीत ब सोबत. स्टेशनच्या पाट्यांवरची नावं मुलांच्या कानात बसलेली असतात, म्हणून सुरुवात तुर्भे, ठाकुर्ली, मुंब्रा यांच्यापासून करावी. मग 'कर्म' आणि 'क्रम' शेजारी ठेवावेत. हे दोन शब्द न अडखळता वेगळे वाचता आले की यादीची गरज उरत नाही.

घरात हिंदी किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी मात्र शब्द आधी तोंडी, वस्तू दाखवून. ज्याचा अर्थच माहीत नाही तो शब्द चुकीचा वाचला तरी मुलाला खटकत नाही.

पाटी_पेन्सिल (घणसोली)

सुटे_दशक, एका उत्तरावरून गठ्ठा ठरवणं मला धोक्याचं वाटतं. 12 मधून 7 गेले तर 6, अशी साधी घाई असू शकते. त्याच धर्तीची किमान तीन गणितं द्या आणि तिन्हींत तीच चूक आली तरच गठ्ठा ठरवा. शिवाय मुलाला तोंडाने बोलत सोडवायला सांगा. कागदावर न दिसणारं तिथे ऐकू येतं.

दुसरं, या पानांवरचा सर्वात मोठा दोष: सगळी गणितं दशक सुटा करण्याचीच. चौथ्या गणितापर्यंत मूल न बघता फोडायला लागतं. पुढे 458 − 123 दिलं तरी 5 चे 4 करून मोकळं. सहा गणितांत दोन तरी न फोडायची हवीत, तीही मध्येच. पहिलं पूर्ण सोडवलेलं, दुसऱ्यात शेवटची पायरी रिकामी, तिसऱ्यात दोन रिकाम्या, पुढची कोरी. एका पानावर सहाच्या वर नको.

कोपरखैरणेकर

तीन गणितांची अट मान्य. मग मधला मार्ग असा: आधी पातळीचे गट आणि फक्त वजाबाकीच्या गटात हे तीन गठ्ठे. पण संख्यावाचनाचं काय? 'पंचवीस' ऐकून 52 लिहिणारं मूल तुमच्या कोणत्याच गठ्ठ्यात बसत नाही. आपण पाच आधी बोलतो आणि वीस मागून. 2019 ला दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' आलं तेव्हा गदारोळ झाला. मला तो पर्याय निदान अशा मुलांसाठी योग्यच वाटतो.

सुटे_दशक (ठाणे पश्चिम)

काही दिवसांचा आधार म्हणून चालेल, पण बाजारात भाव 'पंचवीस' असाच ऐकू येतो. मी कार्डं सुचवेन: 20 चं लांब, 5 चं आखूड. 'पंचवीस' म्हटल्यावर मुलाने दोन्ही उचलायची, हवी त्या क्रमाने, आणि आखूड कार्ड लांब कार्डावरच्या शून्यावर ठेवायचं. पाच आधी उचललं तरी ते उजवीकडेच बसतं. 'एकोण'वाल्या संख्या यात घेऊ नका. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतं आणि मूल 30 चं कार्ड उचलतं. त्यांच्यासाठी 1 ते 100 च्या तक्त्यावर एक घर मागे जाण्याचा वेगळा सराव लागेल.