जुन्या कन्सोलचं स्टोअर खुशाल बंद करा, पण घेतलेले गेम कधीपर्यंत मिळतील ते लिहून द्या

जुनंबटण (धागाकर्ता)

कन्सोल (गेम खेळायचं यंत्र) जुना झाला की त्याचं ऑनलाइन स्टोअर बंद होणार, याबद्दल माझी तक्रार नाही. नवी विक्री थांबवणं हा कंपनीचा प्रश्न. ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांचं काय, एवढंच विचारायचंय.

निन्टेंडोने आपल्या वी यू आणि थ्रीडीएस या कन्सोलच्या स्टोअरवरची विक्री २७ मार्च २०२३ ला थांबवली. घेतलेले गेम पुन्हा डाउनलोड होतात, पण कधीपर्यंत, याला तारीख नाही. त्याआधीच्या वी या कन्सोलच्या स्टोअरवरची विक्री ३० जानेवारी २०१९ ला संपली, तिथेही डाउनलोड चालू ठेवले होते. मग २०२२ मध्ये वी आणि डीएसआय या दोन्ही कन्सोलची स्टोअर्स काही महिने उघडेचनात. देखभालीचं काम चालू आहे, एवढंच उत्तर. पुढे ती सुरू झाली, हे खरं. पण मधल्या काळात ज्याला कन्सोल फॉरमॅट करावा लागला असेल त्याने दाद कुणाकडे मागायची?

माझं मागणं मोठं नाही. गेम विकतानाच 'किमान अमुक तारखेपर्यंत डाउनलोड मिळेल' असं लिहा. ती तारीख उलटायच्या आत असा शेवटचा अपडेट द्या की सर्व्हरला विचारल्याशिवाय गेम सुरू होईल. हे जमत नसेल तर पैसे परत करा.

व्यवहारी_राक्षस

भावना पोचल्या, हिशोब पोचला नाही.

लोकांना वाटतं की सर्व्हर म्हणजे कोपऱ्यात ठेवलेली हार्ड डिस्क. फायली साठवायला फारसा खर्च येत नाही, मान्य. खर्च येतो तो बाकीच्या गोष्टींना. सुरक्षा प्रमाणपत्रं बदलत राहतात, पैसे भरण्याचे नियम कडक होतात, आणि २००६ च्या यंत्रावरचं सॉफ्टवेअर हे सगळं पेलण्यासाठी लिहिलेलंच नसतं. ते दुरुस्त करायचं तर जुना कोड कळणारी माणसं पगारावर ठेवावी लागतात. सोनीच्या पीएस थ्रीच्या (प्लेस्टेशन ३) स्टोअरवर थेट कार्डाने पैसे भरणं ऑक्टोबर २०२१ मध्ये बंद झालं ते उगाच नाही. आता वॉलेटमध्ये दुसरीकडून पैसे भरून यावं लागतं.

शिवाय गेममधली गाणी, गाड्या, खेळाडूंचे चेहरे यांचे परवाने मुदतीचे असतात. फोर्झा होरायझन ४ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतून काढला तो याच कारणाने. ज्यांनी आधी घेतला होता ते अजून खेळताहेत. म्हणजे कंपन्या लुटायलाच बसल्यात असं चित्र रंगवू नका. 'मान्य आहे' वर टिचकी मारताना आपण परवाना घेतला होता, सातबारा नव्हे.

रात्रपाळी

दोघेही तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरताय.

विक्री बंद होणं ही पहिली. डाउनलोड बंद होणं ही दुसरी. आणि तिसरी, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही, ती म्हणजे हा गेम तुमचाच आहे ना, याची पडताळणी बंद होणं. पहिलीने फार बिघडत नाही. दुसरीत जे आधी उतरवून ठेवलंय ते वाचतं, निदान ड्राइव्ह मरेपर्यंत. तिसरीत मात्र हार्ड डिस्कवर पडलेला गेमही दगड होतो.

उदाहरण सोनीच्याच पीएस फोरचं (प्लेस्टेशन ४). कन्सोलच्या आत घड्याळासाठी एक छोटी बॅटरी असते. ती संपली की कन्सोल वेळ जुळवायला सोनीचा सर्व्हर शोधायचा. सर्व्हर सापडला नाही तर डिजिटल गेम उघडायचेच नाहीत, आणि डिस्कवरचेही अडायचे. हे सगळं कशासाठी, तर ट्रॉफीच्या (गेममधल्या कामगिरीबद्दल मिळणाऱ्या बक्षिसांच्या) तारखांमध्ये कोणी लबाडी करू नये म्हणून! सर्व्हर चालू आहेत तोवर कोणाला पत्ताही लागला नसता. लोकांनी ते शोधून काढून बोंब मारली आणि सप्टेंबर २०२१ च्या ९.०० फर्मवेअरमध्ये (कन्सोलच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) सोनीने गाजावाजा न करता ते दुरुस्त केलं.

तेव्हा धागाकर्त्यांची 'शेवटचा अपडेट' ही मागणी हवेतली नाही. पडताळणी काढता येते. कंपनीला ते करावंसं वाटलं पाहिजे, इतकंच.

डिस्कभक्त

एवढा काथ्याकूट कशाला? डिस्क घ्या, कपाटात ठेवा, विषय संपला. मी डिजिटल घेतच नाही.

रात्रपाळी

@डिस्कभक्त, द क्रू हा गेम डिस्कवरही विकला होता. २०१४ चा, युबीसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले, आता ती डिस्क चहाच्या कपाखाली ठेवायच्या कामाची. आणि निन्टेंडोच्या नव्या स्विच २ कन्सोलची गेम-की कार्डं पाहिलीत का? कार्ड हातात असतं, गेम त्यात नसतो, तो डाउनलोडच करावा लागतो. तुमच्या कपाटात पुढे काय उरणार ते बघा.

डिस्कभक्त

द क्रू ऑनलाइनच होता, तो धरू नका. एकट्याने खेळायचे गेम डिस्कवरून चालतात. (पहिल्या दिवशीच्या पॅचशिवाय, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटशिवाय, अर्धे अडखळतात, पण चालतात.)

व्यवहारी_राक्षस

द क्रू निघालाच आहे तर बोलतो. त्याच्यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम उभी राहिली, युरोपातल्या नागरिक-याचिकेने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा आकडा ओलांडला. उद्योगाची बाजूही ऐका. व्हिडिओ गेम्स युरोप या संघटनेचं म्हणणं असं की, प्रत्येक ऑनलाइन गेमला मरणोत्तर सोय सक्तीची केली तर असे गेम बनवणंच परवडणार नाही, आणि खेळाडूंनी स्वतः चालवलेल्या सर्व्हरवर माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोण घेणार?

मोठ्यांचं सोडा. चार जणांच्या स्टुडिओने जुन्या कन्सोलसाठी एक गेम केला आणि मग स्टुडिओ मिटला. शेवटचा अपडेट कोण लिहिणार? पैसे परत कोण देणार?

जुनंबटण

@व्यवहारी_राक्षस, चार जणांच्या स्टुडिओची ढाल फार सोयीची आहे. पण पैसे स्टुडिओने घेतले नव्हते, स्टोअरने घेतले होते आणि आपला वाटा कापून पुढे दिले होते. डाउनलोड स्टोअर देतं, पडताळणी कन्सोल करतो. दोन्ही मोठ्या कंपनीच्या हातात. तेव्हा जबाबदारीही तिचीच.

पैसे परत देणं अशक्य वगैरेही नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान गुंडाळलं तेव्हा पुस्तकांचे पैसे परत केले. गूगलने स्टेडिया ही ऑनलाइन गेम-सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद केली तेव्हा स्टोअरवरून घेतलेल्या गेमचेच नव्हे, कंट्रोलरचेही पैसे दिले.

आणि आरडाओरडा केल्याने फरक पडतो. मार्च २०२१ मध्ये सोनीने पीएस थ्री आणि हातात धरून खेळायचे पीएसपी व व्हिटा, या तिन्हींच्या स्टोअरवरची विक्री बंद करायचं जाहीर केलं होतं. तीन आठवडे लोकांनी झोडपल्यावर प्लेस्टेशनचे तेव्हाचे प्रमुख जिम रायन यांनी निर्णय चुकल्याचं मान्य करून पीएस थ्री आणि व्हिटाची स्टोअर्स चालू ठेवली. 'परवडत नाही' ते महिन्याभरात परवडायला लागलं!

व्यवहारी_राक्षस

पीएसपीवरची विक्री मात्र जुलै २०२१ मध्ये बंद झालीच, ते सोयीस्कर विसरलात. आणि स्टेडियाचं उदाहरण उलटं आहे. फारसं कोणी वापरत नव्हतं म्हणून गूगलला परवडलं. कोट्यवधी खपलेल्या कन्सोलवरच्या वीस वर्षांच्या खरेदीचे पैसे परत मागा, मग बघू.

पिक्सेलआजोबा

तरुण मंडळींनो, तुम्ही ग्राहकाच्या नजरेनेच बघताय. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला: तिथे २०१० आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. पूर्वीच्यांच्या निदान कार्ट्रिज (गेम भरलेल्या प्लास्टिकच्या डब्या) कुणाच्या तरी माळ्यावर असतात. फक्त डिजिटल निघालेल्यांचं तेवढंही नाही. ग्रंथालयांनी अभ्यासकांना असे गेम दुरून खेळू द्यावेत, यासाठी सूट मागितली होती. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नाकारली. म्हणजे कंपनी विकणार नाही आणि ग्रंथालयाला दाखवूही देणार नाही. मग मुलं इम्युलेटरकडे (जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) वळली की चोर म्हणायला सगळे मोकळे.

नवखा_खेळाडू

एक शंका. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० चं स्टोअर २९ जुलै २०२४ ला बंद झालं, पण त्यावरचे बरेच गेम नव्या एक्सबॉक्सवर चालतात आणि जुनी खरेदी खात्यात दिसते. मग हा प्रश्न फक्त काही कंपन्यांचाच आहे का?

रात्रपाळी

@नवखा_खेळाडू, बऱ्याच अंशी हो. मायक्रोसॉफ्टने जवळपास वर्षभर आधी सांगितलंही होतं. पण 'बरेच' म्हणजे 'सगळे' नाहीत. यादीत नसलेल्या गेमसाठी जुनं यंत्र जिवंत ठेवावं लागतं. वीवर तर खरेदी खात्याला नव्हे, त्या एका यंत्राला बांधलेली असायची. यंत्र गेलं की गेम गेले, स्टोअर चालू असलं तरी. जुनं काही असेल तर आत्ताच सगळं उतरवून ठेवा, वाद नंतर घाला.

व्यवहारी_राक्षस

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे: तुम्ही परवाना घेताय, हे विकताना स्पष्ट सांगावं लागतं. कायमचा ऑफलाइन डाउनलोड देणाऱ्यांना त्यातून सूट. आता ग्राहकाला माहिती आहे, तरी तो घेतो. अजून काय हवं?

जुनंबटण

तारीख हवी! परवाना आहे हे कळलं, किती दिवसांचा ते कळलं नाही. दुधाच्या पिशवीवर असते तेवढी तरी.

व्यवहारी_राक्षस

सक्ती केलीत तर सगळ्या कंपन्या कमीत कमी मुदत लिहितील. आज दहा-पंधरा वर्षं फुकट मिळतंय, उद्या 'दोन वर्षं' छापून मोकळ्या होतील. तुमच्याच पायावर धोंडा.

जुनंबटण

लिहू देत की दोन वर्षं. मग दोन वर्षांचा गेम आणि कायमची डिस्क एकाच किमतीला कशी विकतात ते बघू. शेजारच्या कंपनीने दहा वर्षं लिहिली तर मी तिच्याकडे जाईन. आज तुलना करायला हातात काहीच नाही.

डिस्कभक्त

किमतीच्या मुद्द्याला +१. बाकी वाचलं नाही.