मायक्रोफिल्मची 40 रिळं, काहींना आंबूस वास: कॅमेऱ्यानं स्कॅन जमेल का?

नौपाडा_वाचनालय
ठाण्यातल्या आमच्या वाचनालयात जुन्या मराठी वर्तमानपत्रांची 35 मिमी मायक्रोफिल्म (पानांचे बारीक फोटो असलेली फिल्म) आहे. ती मोठी करून दाखवणारा रीडर बंद पडलाय, दिवा मिळत नाही. 24 मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा आणि 1:1 मॅक्रो लेन्स हाताशी आहे. मजकूर शोधता यायला हवा. कुठून सुरुवात करू?

ऐरोली_फिल्म
वासाची रिळं आजच वेगळ्या कपाटात हलवा. अ‍ॅसिटेट (फिल्मच्या जुन्या प्लॅस्टिकचा एक प्रकार) फिल्म कुजताना अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं, तेच पुढची कुज वाढवतं आणि शेजारच्या रिळांनाही लागतं. फिल्म आक्रसून वाकली की पानाची एक कड फोकसबाहेर जाते, मग कुठलाच कॅमेरा उपयोगाचा नाही. डब्यात ए-डी पट्टी (आम्लाच्या वाफेनं रंग बदलणारी कागदी पट्टी) 24 तास ठेवा: निळी राहिली तर घाई नाही, हिरवी झाली तर ते रीळ आधी घ्या, पिवळी झाली तर सगळ्यांच्या आधी. फिल्म कशाची ते ओळखायला: रीळ कडेनं उजेडासमोर धरलं तर पॉलिएस्टरमधून उजेड आरपार येतो, अ‍ॅसिटेटमधून येत नाही.

कॅमेऱ्याचं गणित: 1:1 ला सेन्सरच्या 36 मिमी रुंदीवर 6000 पिक्सेल, म्हणजे फिल्मवर सुमारे 4230 डीपीआय (इंचाला इतके ठिपके). त्याला रिडक्शननं, म्हणजे पान फिल्मवर जितक्या पटीनं लहान केलंय त्यानं, भागा. तो आकडा बहुधा रिळाच्या सुरुवातीच्या टार्गेट फ्रेमवर (माहितीच्या चौकटीवर) असतो. 14 पट असेल तर मूळ पानाचे 302 डीपीआय, चांगलं. 20 पट असेल तर 211, बारीक टायपातली जोडाक्षरं चिकटतात. 14 पटीला एका शॉटमध्ये 504×336 मिमीच मावतं, मोठं पान दोन शॉटमध्ये जोडावं लागेल. अ‍ॅपर्चर एफ/5.6 ठेवा, 1:1 ला एफ/11 म्हणजे प्रत्यक्षात एफ/22, अक्षरं मऊ पडतात. फिल्म दाबायला साधी काच नको, न्यूटनची वलयं (काच आणि फिल्म टेकतात तिथली कडी) उमटतात. अँटी-न्यूटन काच घ्या.

घोडबंदर_ओसीआर
स्कॅन 8-बिट ग्रेस्केल (करड्या छटांच्या) टिफ फाइलमध्येच ठेवा. थेट काळं-पांढरं केलंत तर अनुस्वार आणि रफार पहिले उडतात, ते परत मिळत नाहीत. निगेटिव्ह असेल तर उलटवा, मग कॉलम कापून एकेक टेसेरॅक्टच्या (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर देणाऱ्या ओसीआर सॉफ्टवेअरच्या) मराठी मॉडेलला द्या. अख्खं पान दिलं की ओळी शेजारच्या कॉलममध्ये घुसतात. रिळात 600 पानं धरली, पानाला दोन शॉट, प्रत्येकी 24 एमबी: रिळामागे सुमारे 29 जीबी.

नौपाडा_वाचनालय
धूळ अल्कोहोलनं पुसू का?

ऐरोली_फिल्म
फिल्म निळसर-जांभळी दिसत असेल तर अजिबात नको. ती बहुतेक डायझो (रंगद्रव्यानं उमटवलेली प्रत), तिचा रंग सुटतो. लाइट टेबलवरही ती फार वेळ ठेवू नका, फिकी पडते. आणि पावसाळ्यात एसी खोलीतून आणलेला डबा लगेच उघडू नका. फिल्म थंड असताना दमट हवा लागली तर तिच्यावर पाणी धरतं.