मदत हवी आहे: जंपस्टार्ट करताना केबल उलट्या लागल्या, आता चार्जिंग होत नाही

रविवारी कोथरूडच्या पार्किंगमध्ये अंधारात शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपस्टार्ट करताना मी लाल-काळी केबल उलटी लावली. ठिणगी, जळका वास. चूक शंभर टक्के माझीच. शेजाऱ्यांची गाडी ठीक आहे, नशीब!

माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक. नवीन बॅटरी टाकल्यावर इंजिन सुरू होतं, पण बॅटरीचा लाल दिवा जात नाही आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालंय. मल्टिमीटरवर गाडी बंद असताना १२.५ व्होल्ट, चालू असताना १२.१. खरं तर १४ च्या आसपास हवं ना? टेप आणि हॉर्नचे फ्यूज उडाले होते, ते बदलले. बॉनेटखालचे बोल्टने बसवलेले मोठे फ्यूज मात्र अजून उघडलेले नाहीत.

मेकॅनिक म्हणतो, अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) दोन्ही बदला. पण ईसीएम गेला असता तर इंजिन सुरू झालं असतं का?

आधी अल्टरनेटरच्या जाड वायरवर व्होल्टेज तपासू का? तिथे १२ मिळाले तर मेन फ्यूज शाबूत आणि डायोड (अल्टरनेटरमधले एसीचं डीसी करणारे भाग) गेले, असंच धरायचं ना? नाना पेठेत नुसती डायोड प्लेट बदलून देणारा भरवशाचा ऑटो इलेक्ट्रिशियन कुणाला माहीत आहे का?