जुन्या फोनची किंमत काउंटरवर आल्यावरच का घसरते?

सांजवेळ

गेल्या आठवड्यात तीन वर्षं वापरलेला फोन देऊन नवा घ्यायला गेले होते. निघण्यापूर्वी दुकानाच्या ॲपवर सगळी माहिती भरली: मॉडेल, स्टोरेज, स्क्रीनला तडा नाही, बटणं चालतात, खोका आणि बिल जपून ठेवलंय. ॲपने एक आकडा दाखवला. तो धरूनच कोणता फोन परवडेल ते ठरवलं.

काउंटरवर आधी फोन रिसेट करायला लावला, मग तपासणी. तिथल्या मुलाने फोन उजेडात तिरका धरला, कडेचा नखाएवढा ओरखडा दाखवला, बॅटरीची क्षमता ८१ टक्क्यांवर आली आहे म्हणाला, आणि आकडा जवळजवळ निम्म्यावर आणला. माझा फोन पुसलेला, बँकेची ॲपं गेलेली, मागे रांग. अडला हरी म्हणतात तशी गत. मी हो म्हटलं, आणि तेव्हापासून ते मनातून जात नाहीये.

वापरलेल्या वस्तूची किंमत उतरणार हे मला मान्य आहे. पण ओरखड्याचे किती कापले आणि बॅटरीचे किती, हे विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘सिस्टीम ठरवते.’ एकूण जेवढे कापले त्याच्या निम्म्यात नवी बॅटरी बसली असती. हे योग्य आहे असं कुणाला वाटतं का?

पलीकडची बाजू

मला वाटतं. अशाच काउंटरमागे मी चार वर्षं उभा होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक दुकानं तुमचा फोन स्वतः विकत नाहीत. तो इतर शेकडो फोनांबरोबर पेटीत भरून घाऊक घेणाऱ्याकडे जातो. त्याच्याकडून दरपत्रक येतं आणि ते सतत बदलतं. त्याच मालिकेतलं नवं मॉडेल जाहीर झालं की जुन्याचा भाव उतरतो, तुमचा फोन कितीही चकचकीत असो. पुढे तपासणी, दुरुस्ती, साफसफाई, पॅकिंग, विकताना द्यावी लागणारी वॉरंटी, आणि त्यातून परत येणारे फोन. हे सगळं तुमच्या हातात पडणाऱ्या आकड्यातूनच वजा होतं.

शिवाय जोखीम. चोरीच्या तक्रारीमुळे आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) ब्लॉक झालेला फोन किंवा जुन्या मालकाच्या खात्याचं कुलूप न निघालेला फोन घेतला, तर तो सुट्या भागांच्याच किमतीचा उरतो. सिमच्या खाचेत डोकावून ओलाव्याची खूण लाल झालीय का ते आम्ही बघायचो. ‘पाण्यात कधीच पडला नाही’ असं शपथेवर सांगणाऱ्यांच्या फोनमध्येही ती लाल निघायची. ॲपवरचा आकडा ग्राहकाच्या शब्दावर काढलेला असतो. तो शब्द बऱ्याचदा खरा नसतो, म्हणून तो आकडाही टिकत नाही.

बेरीज वजाबाकी

पलीकडची बाजू, खर्चाचं तुमचं म्हणणं मान्य, जोखमीचं नाही.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हेच मांडलं होतं (२००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना विभागून मिळालं, त्यातले ते एक). वस्तूतला दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा प्रत्येक वस्तूला सरासरी भाव देतो. त्या भावात चांगली वस्तू विकणं परवडत नाही, ती बाजारातून निघून जाते, आणि मागे खराब माल जास्त उरतो. ॲपवर सावध आकडा दाखवला असता तर मी तो याच कारणाने मान्य केला असता.

इथे मात्र उलटं झालं. न बघता मोठा आकडा आणि बघितल्यावर लहान. तुम्ही फोन हातात घेतला, आयएमईआय तपासला, कुलूप निघाल्याची खात्री केली, ओलाव्याची खूण पाहिली. आता नेमकं काय माहीत नाही? ज्या जोखमीपोटी भाव कमी असायला हवा, ती तपासणीनंतर कमी झाली आहे. तरी भाव खाली येतो, कारण बदललाय तो फक्त ग्राहकाचा पर्याय. तो आता दुकानात उभा आहे, पुसलेला फोन घेऊन.

पेचकस

मी फोन दुरुस्त करतो. ८१ टक्क्यांबद्दल बोलायलाच हवं.

लिथियम-आयन बॅटरी पहिल्या दिवसापासून झिजते, तो तिचा स्वभाव आहे. ॲपल स्वतः सांगतं की आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलांची बॅटरी चार्जिंगची ५०० पूर्ण आवर्तनं झाल्यावर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहील अशी बनवलेली असते, आणि १५ पासून हाच आकडा १००० आवर्तनांचा आहे. रोज चार्ज करणाऱ्याचा फोन तीन वर्षांत ८१ वर असेल तर तो नीट वापरला गेलाय. ही झीज ‘तीन वर्षं जुना’ यातच धरलेली असते. ती पुन्हा दोष म्हणून कापणं म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेणं.

ओरखड्याचं वेगळं. कडेचा ओरखडा जात नाही, आणि पुढचा ग्राहक आधी तोच बघतो. तिथे कापले तर माझी तक्रार नाही.

आणखी एक. फोन तीन वर्षांत अपडेटबाहेर जायचे, तो काळ सरत चाललाय. २०२३ चा पिक्सेल ८ आणि २०२४ ची गॅलेक्सी एस२४ मालिका, दोन्हींना सात वर्षं अपडेट देऊ असं कंपन्यांनी जाहीर केलं आहे. असा फोन तीन वर्षांनी देताना त्याचं निम्म्याहून जास्त आयुष्य शिल्लक असतं. दरपत्रकं मात्र नव्या मॉडेलाच्या तारखेवरच चालतात.

सरळ हिशेब

धागाकर्तीबद्दल सहानुभूती आहे, पण एवढा संताप पटला नाही. दुकानात जुना दिला, नवा घेतला, अर्ध्या तासात मोकळे. जाहिरात नको, अनोळखी माणसांचे फोन नकोत, घासाघीस नको. या सोयीची किंमत असते. ज्याला पूर्ण भाव हवा त्याने थेट वापरणाऱ्याला विकावा. मी दोन फोन आणि एक कॅमेरा तसाच विकला. दरवेळी दुकानापेक्षा जास्त मिळाले आणि दरवेळी दोन-तीन आठवडे त्यात गेले. दुकानाने तो वेळ फुकट द्यावा अशी अपेक्षा का?

दूरची वाट

कारण सगळ्यांना तो मार्ग खुला नसतो. मी एकटी राहते. फोन बघायला अनोळखी माणसाला घरी बोलावणार नाही. बाहेर भेटायचं ठरवलं तर एकाने पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवला. मग दुकानात चौकशी केली, तिथला भाव ऐकून फोन कपाटात गेला. असे तीन आहेत आता.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. भाव बरा मिळाला असता तर माझे तिन्ही फोन आज कुणाच्या तरी वापरात असते.

सरळ हिशेब

खोट्या स्क्रीनशॉटचा अनुभव वाचून वाईट वाटलं, ती अडचण खरी आहे. पण कपाटातला फोन दर महिन्याला उतरत जातो. कमी भावात दिला असता तरी तो वापरात गेला असता. तो तसाच ठेवण्याचा निर्णय तुमचा होता.

पलीकडची बाजू

एक भर घालतो. दरवेळी दुकानाचा डाव नसतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. ज्या लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) नाही त्यांना विंडोज ११ अधिकृतपणे घेता येत नाही. यंत्र ठणठणीत, पण घाऊक घेणारा हात लावत नाही. तिथे काउंटरवरचा मुलगा काय करणार?

सांजवेळ

बाकी सगळं वाचलं. पेचकस, ‘दोनदा पैसे घेणं’ हेच मला नेमकं म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते. सरळ हिशेब, सोयीची किंमत मी द्यायला तयार आहे. ती दुकानात जाण्याआधी कळावी एवढंच मागते. बिल आहे म्हणून जास्त भाव, खोका आहे म्हणून जास्त भाव, असं ॲपवर लिहिलं होतं. कापण्याची कारणं मात्र कुठेच नव्हती.

आणि तो ‘एक्स्चेंज बोनस’. मला मिळालेल्या रकमेत मोठा भाग त्याचाच होता. नंतर कळलं, जुना फोन न देता रोख घेणाऱ्यालाही त्या मॉडेलवर जवळपास तेवढीच सूट होती. म्हणजे माझ्या फोनसाठी म्हणून जे मिळालं ते याहूनही कमी.

पलीकडची बाजू, तुम्हाला सरळ विचारते. तुम्ही काउंटरवर असताना कशाचे किती कापले जातात हे तुम्हाला दिसायचं का?

पलीकडची बाजू

हो, दिसायचं. स्क्रीन, बॉडी, बॅटरी, कॅमेरा, प्रत्येकापुढे वजा रक्कम आणि खाली बेरीज. तो तक्ता आमच्या बाजूच्या पडद्यावर असायचा. ग्राहकाला फक्त शेवटचा आकडा सांगायचा, अशी सूचना होती. रक्कम सुटी सांगितली की लोक एकेका ओळीवर वाद घालतात आणि रांग थांबते, असं कारण दिलं जायचं. मी तेव्हा ते मान्य केलं होतं.

सांजवेळ

मग पडदा आमच्याकडे वळवायला किती वेळ लागतो?

पलीकडची बाजू

काहीच नाही. तो फिरत्या स्टँडवरच असायचा. पुढच्या वेळी रिसेट करायच्या आधी तो वळवायला सांगा. नाही म्हणाले तर फोन उचलून परत या.