मुलीची १०० मीटर हर्डल्ससाठी निवड झाली आहे. हर्डल पडला की बाद होतात का?

आडगावचा_बागाईतदार

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे. उंच आहे, पळतेही चांगली, म्हणून शाळेतल्या सरांनी तिचं नाव यंदा १०० मीटर हर्डल्सला (अडथळ्यांच्या शर्यतीला) दिलं. शाळेत धड उभे राहणारे हर्डल चारच आहेत आणि सर कबड्डीचे. त्यांनी सरळ सांगितलं, ‘यातलं मला फार कळत नाही, घरी बघा.’ मला तर त्याहून कमी कळतं.

मैदानावर बघितलं तर ती मस्त सुसाट निघते, पण हर्डल जवळ आला की पावलं बारीक करते, जवळजवळ थांबते आणि मग उंच उडी मारते. दोन हर्डलच्या मध्ये कधी पाच पावलं, कधी सहा. घोटा दोनदा आपटलाय, त्यामुळे आता भीतीही बसली आहे. ती म्हणते, हर्डल पडला की बाद करतात. हे खरं आहे का? आणि शेतावर जागा भरपूर आहे, तिथे काही सराव करून घेता येईल का?

सातपूर_एक्सप्रेस

आमच्या वेळी पाडला की घरी जायचं, साधा नियम होता. दहाही हर्डल न पाडता जायला हवं. माझं ऐकाल तर हर्डल्सचा नाद सोडा आणि लांब पल्ल्यात घाला. नाशिकची हवा त्यालाच बरी. कविता राऊत इथूनच पुढे गेली ना!

नाशिकरोडची_ताई

सातपूरवाले दादा, तुमची वेळ १९३५ च्या आधीची असेल तर थोडंफार पटेल. तेव्हा तीन हर्डल पाडले की बाद करायचे. हर्डलही जड असायचे, उलट्या टी अक्षरासारखे, धडकलं की माणूसच पडायचा. मग एल आकाराचा हर्डल आला. तो धक्का लागला की पुढे कलंडतो. आजचा नियम असा की पळताना पाय लागून हर्डल पडला तर काही होत नाही. दहाच्या दहा पडले तरी वेळ लागते ती लागते, बाद कोणी करत नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये गेल डेव्हर्स १०० मीटर हर्डल्समध्ये सगळ्यांच्या पुढे होती. दहाव्या हर्डलला अडखळली, धडपडत रेषा ओलांडली आणि पाचवी आली. पदक गेलं, पण निकालात नाव राहिलं.

बाद कशाने होतात तेही मुलीला नीट समजावून सांगा. हाताने, अंगाने किंवा पुढच्या पायाच्या (जो आधी हर्डलवरून जातो त्याच्या) वरच्या बाजूने हर्डल पाडला किंवा सरकवला तर. आपला हर्डल पाडून दुसरीच्या वाटेत अडचण केली तर. आपली लेन सोडली तर. आणि शाळेतल्या मुली ज्यात हमखास सापडतात ते म्हणजे मागचा पाय हर्डलच्या वरून न आणता बाजूने, फळीच्या पातळीखालून ओढून नेणं. हर्डलला साधा स्पर्श झालेला नसतो, मुलगी खुशीत असते आणि पंचाचा झेंडा वर. म्हणून मागच्या पायाकडे लक्ष द्या. पुढच्या पायाकडे सगळेच बघतात.

आता उडीचं. मी नाशिकरोडला बरीच वर्षं पोरींना हर्डल्स शिकवते आणि प्रत्येक नवीन पोर पहिल्या दिवशी हेच करते. तिच्या डोक्यात हा उडीचा खेळ असतो. ही शर्यत आहे हो, मध्ये दहा वेळा एक पाऊल जरा लांब आणि जरा उंच पडतं, एवढंच. हवेत असताना वेग वाढवता येत नाही, म्हणून हवेत जितकं कमी राहाल तितकं बरं. तुमची लेक हर्डलच्या अगदी पुढ्यात जाऊन उडते, म्हणून तिला उंच जावं लागतं, म्हणून ती खाली धपकन येते आणि म्हणून पुढची पावलं मोडतात. उडण्याची जागा मागे घ्या. चांगल्या धावपटू मुली हर्डलच्या साधारण दोन मीटर आधी पाय सोडतात आणि पलीकडे मीटरभरावर उतरतात. नवीन मुलीला एवढं जमणार नाही, पण दीड मीटरवर चुन्याची रेघ मारा आणि सांगा, याच्या पुढे पाय टेकवायचा नाही. लगेच फरक दिसेल.

पुढचा पाय सरळ काठीसारखा फेकायचा नाही. आधी गुडघा हर्डलवर चालून गेला पाहिजे, पोटरी त्याच्या मागून उलगडते. समोर जाताना उलट हात पुढे, म्हणजे डावा पाय तर उजवा हात. उतरताना पाय वाट बघत खाली येऊ द्यायचा नाही, ओढून खाली आणायचा, चवड्यावर, शरीराच्या खालीच. टाच टेकली की ब्रेक लागला समजा. मागचा पाय गुडघ्यात दुमडून बाजूने वर येतो, मांडी जमिनीला समांतर, पायाचं बोट बाहेर वळलेलं. बोट खाली लोंबलं की तेच फळीत अडकतं. घोटा आपटतो तो बहुधा याच कारणाने. आणि हर्डल पार झाला म्हणून तो गुडघा लगेच खाली सोडायचा नाही, छातीसमोर आणूनच पुढचं पाऊल टाकायचं. इथे बहुतेक पोरी आळस करतात.

लांब पल्ल्याचं म्हणाल तर नाशिकचा मान तिथे आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण गोल्फ क्लब मैदानावर सकाळी दहा फेऱ्या मारणारी पोर आणि हर्डल्सची पोर यांची अंगं वेगळी. उंच, चपळ मुलगी उगाच पाच हजार मीटरला का घालायची? पुरुषांच्या ११० मीटर हर्डल्समध्ये १३.४१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम २०२४ मध्ये तेजस शिरसेने केला, तो आपल्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला. म्हणजे इकडच्या मातीत हर्डल्स होत नाहीत असं काही नाही.

आडगावचा_बागाईतदार

ताई, खूप खूप आभार. बाद व्हायची भीती घातली होती ती तिच्या मैत्रिणींनी, आता तिला हे वाचून दाखवतो. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. ती डावा पाय पुढे टाकते, सर म्हणतात उजवा पाहिजे. आणि मध्ये पावलं किती हवीत?

घड्याळवाला_काका

पंच म्हणून बरीच वर्षं उभा राहतोय, म्हणून थोडी भर. पाय कुठला पुढे हवा असा काही नियम नाही.

सुरुवातीकडे मात्र लक्ष द्या. ब्लॉकवरून (सुरुवातीला पाय टेकवायचे ठोकळे) बसून सुरुवात करायची आणि गोळीच्या आधी हलली की पहिल्याच वेळी बाहेर. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत आपल्या भारताच्या ज्योती याराजीच्या १०० मीटर हर्डल्सच्या शर्यतीत यावरूनच गोंधळ झाला. चिनी धावपटू आधी निघाली, आधी ज्योतीलाही बाहेर काढलं होतं. तिने हरकत घेतली, दोघींना पळू दिलं आणि नंतर चिनी मुलगी बाद ठरून ज्योतीचं कांस्य रौप्य झालं. मुलीला सांगा, पंचाशी भांडायचं नाही, पण चूक वाटली तर शांतपणे तिथल्या तिथे सांगायचं.

नाशिकरोडची_ताई

काका बरोबर बोलले. डावा आपोआप पुढे जात असेल तर डावाच ठेवा. सरांना चहा पाजा आणि विषय संपवा.

पावलांचं उत्तर एकच, तीन. उतरल्यावर तीन पावलं आणि परत उडी, म्हणजे दर वेळी तोच पाय पुढे येतो. चार पावलं घेतली तर पाय बदलतो, आणि नवीन मुलीला दोन्ही पायांनी हर्डल घेता येत नाहीत. पाचमध्ये पाय तोच राहतो, पण वेग मरतो. १०० मीटरमध्ये पहिला हर्डल १३ मीटरवर, नंतर दर ८.५० मीटरला एक, आणि शेवटच्या हर्डलपासून रेषेपर्यंत १०.५० मीटर. मोठ्या मुलींची उंची ८३.८ सेंटीमीटर, १८ वर्षांखालील मुलींना आंतरराष्ट्रीय नियमाने ७६.२. शाळेच्या स्पर्धेत तुमच्या गटाला काय आहे ते परिपत्रकात बघून घ्या. साडेआठ मीटर तीन पावलांत घेणं नववीतल्या मुलीला सुरुवातीला जड जातं, म्हणून ती पाचवर जाते. हर्डल जवळ आणा. सहा किंवा साडेसहा मीटरवर, उंची गुडघ्याएवढी. तीन पावलांचा ठेका अंगात बसला की दर आठवड्याला वीतभर अंतर वाढवा. अंतर तेवढंच ठेवून पोरीला ‘जोर लाव’ म्हणत बसणं, हे आपल्याकडे सगळीकडे चालतं आणि त्यातून फक्त पाय दुखतात.

शेतावर हर्डल कशाला हवेत, तुमच्याकडे द्राक्षाची कॅरेट असतीलच. दोन्ही बाजूंना एकावर एक दोन ठेवली की साधारण दोन फूट होतात. त्यांच्यावर पीव्हीसीचा हलका पाइप नुसता टेकवायचा, बांधायचा नाही. पाय लागला की पाइप उडून पडेल, मुलगी नाही. अशी चार जोडी पुरे. भीती घालवायला याच्यापेक्षा स्वस्त उपाय नाही, मी स्वतः वापरते.

शाळेचे लोखंडी हर्डल वापराल तेव्हा एकच गोष्ट दर वेळी तपासा. हर्डलचे पाय पळत येणाऱ्याच्या बाजूला हवेत, फळी पलीकडच्या बाजूला, म्हणजे धक्क्याने हर्डल पुढे पडतो. उलटा लावला तर तो पडत नाही, पोरगी पडते. घाईत उलटे लावलेले हर्डल मी स्पर्धेच्या सकाळीसुद्धा पाहिलेत आणि धावत जाऊन फिरवलेत.

पहिला हर्डल येईपर्यंत आठ पावलं मोजा. आठ पावलांत जायचं तर जो पाय हर्डलवर पुढे जातो तो ब्लॉकमध्ये मागे ठेवायचा. तुमच्या लेकीचा डावा मागे. हे उलटं झालं की पहिल्याच हर्डलला पावलं फसतात आणि मग ती पुन्हा थांबायला लागते.

आडगावचा_बागाईतदार

कॅरेट तर शेकड्याने पडलीत! पण ताई, सध्या रोज पाऊस आहे, रान ओलं आहे. काय करू?

नाशिकरोडची_ताई

ओल्या गवतावर किंवा चिखलात हर्डल अजिबात लावू नका. पॅकिंग शेडमध्ये भिंतीला हात टेकवून उभं राहायचं, बाजूला एका कॅरेटची उंची लावायची आणि मागचा पाय त्याच्यावरून सावकाश फिरवून छातीसमोर आणायचा. प्रत्येक पायाने दहा दहा. मग तीन कॅरेट ओळीने ठेवून नुसतं चालत, मध्ये मोजून पावलं टाकत पार करायचं. घोटा अजून सुजलेला असेल तर हेही दोन दिवस नको, आधी डॉक्टरांना दाखवा.