स्पीकर स्टँडची उंची आणि आमची गादी

दांडियाबाजारकर: परवा एकांनी फर्मान काढलं, "स्टँड ६० सेंटीमीटरचाच घ्यावा. स्पीकर तिरपा करणं हा अडाणीपणा." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. अहो, ते ६० सोफेवाल्यांसाठी! आमच्याकडे बडोद्याच्या जुन्या घरात गादी-तक्के आहेत. मांडी घालून बसलो की माझा कान जमिनीपासून ७३ सेंटीमीटरवर (बायकोनं शिवणाच्या टेपनं मोजला, हसत हसत). ट्वीटर, म्हणजे डब्यातला बारीक आवाजांचा छोटा स्पीकर, ८८ वर. म्हणजे झांजा डोक्यावरून थेट स्वयंपाकघरात. स्पीकरच्या मागच्या कडेखाली खोडरबर सरकवले, दीडेक सेंटीमीटर, आणि तानपुऱ्याची जवारी, तारांचा तो झंकार, समोर येऊन बसली.

मोजपट्टी: फर्मान माझंच. आता हिशेब करा. फरक १५ सेंटीमीटर, अंतर सव्वादोन मीटर, म्हणजे जेमतेम ४ अंश. एवढ्यानं वूफर (जाड आवाजांचा मोठा स्पीकर) आणि ट्वीटर यांच्या कानापासूनच्या अंतरात सेंटीमीटरभर फरक पडतो. क्रॉसओव्हरपाशी, म्हणजे वूफर ट्वीटरकडे आवाज सोपवतो तिथे, २५०० हर्ट्झला, लहरच १४ सेंटीमीटरची; त्यात सेंटीमीटरभर कुठे जाणवणार! तुम्हाला जवारी नाही, खोडरबर ऐकू येतोय. आणि पुढे झुकवलेला डबा उद्या नातवाच्या अंगावर आला म्हणजे?

कड्यांचा_आवाज: गादी-सोफ्याचं झालं, झोपाळ्याचं काय? मी झोपाळ्यावरून ऐकतो. कान सव्वा मीटरच्या आसपास, शिवाय पुढे-मागे अर्धा मीटर.

मोजपट्टी: झोपाळ्यावरून स्टिरिओ ऐकणाऱ्यानं ट्रान्झिस्टर घ्यावा.

कड्यांचा_आवाज: जरा तोंड सांभाळून! आजोबांचा सागवानी झोपाळा आहे, पितळी कड्यांचा. वाडा सोडून फ्लॅटमध्ये आलो, तर स्लॅबला हूकच नाही. भोक पाडायला सोसायटीनं सात महिने रखडवलं. सेक्रेटरी म्हणे, "खालच्यांना कुरकुर ऐकू येईल." त्यांची रात्री अकराची मिक्सरची घरघर मात्र भजन!

वाडीची_सून: सोसायटीचं नाव काढू नका. आमचा झोपाळा गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलाय, वर पापड वाळतात. मुलगा म्हणतो विकून टाक. सासूबाई त्याच्याशी बोलत नाहीत.

दांडियाबाजारकर: धागा स्पीकरचा आहे हो!

वाडीची_सून: मग ऐका. आमच्या ह्यांनी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून लोखंडी स्टँड वेल्ड करून आणले. पोकळ पाइप, टिचकी मारली की देवळातली घंटा. कोरडी वाळू भरली तेव्हा कुठे गप्प झाले. उंची-बिंची नंतर, आधी टिचकी मारा. (वाळू विकतचीच घ्या, विश्वामित्री नदीत उतराल तर मगरी आहेत.)

जुनी_तबकडी: मी गायक फैयाजखाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या ऐकतो. मोनो, एका स्पीकरवर भागतं. बारीक आवाजांचा वरचा भाग मुळातच तोकडा, ट्वीटरला फारसं काम नाही. स्पीकर कपाटावर आहे, आडवा. चालू द्या तुमचं.

मोजपट्टी: आडवा?! तुमच्याशी नंतर बोलतो. दांडियाबाजारकर, काल रात्री घरचे झोपल्यावर गादी अंथरली, खोडरबर ठेवले. फरक आहे. ४ अंशांचा असतो तेवढाच. आणि खाली रबर असल्यानं डबा सरकत नाही, एवढं मान्य. आता मांडी घालून तासभर बसल्यामुळे गुडघा धरलाय, त्याचं काय करू सांगा.

कड्यांचा_आवाज: झोपाळा घ्या.