मॉलमधली कपडेखरेदी आणि तिथली माणसं: ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

राममारुतीरोडवाली
राम मारुती रोडवरच्या जुन्या दुकानांत गादीवर बसवून साड्यांचा ढीग उलगडायचे, आणि काही न घेता उठलं की मालकाचा चेहरा उतरायचा. मॉलमध्ये कोणाचा चेहरा उतरत नाही, पण उलगडूनही कोणी दाखवत नाही. सणाची खरेदी तोंडावर आहे, म्हणून हा धागा. दुकानातल्या माणसांनी कशी वागणूक दिली ते लिहा. पार्किंग आणि फूड कोर्टची गाऱ्हाणी नकोत. अनुभव वाईट असेल तर दुकानाचं नाव घेऊ नका.

सुरुवात मीच करते. लेकीला जीन्स हवी होती, अठ्ठावीसची कंबर. रॅकवर नव्हती. तिथला मुलगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "आहे ते सगळं बाहेरच आहे." पलीकडे घड्या घालणाऱ्या मुलीने ऐकलं, ती आत गेली आणि स्टॉकमधून दोन काढून आणल्या. दुकान एक, पगारही एकच असणार. मग इतका फरक का?

खारघरची
मी थ्री एक्सेल घालते हे मला ठाऊक आहे, पुकारा करायची गरज नसते. कुर्त्याला हात लावला तोच सेल्सगर्ल मोठ्याने म्हणाली, "मॅम, इसमें आपका साइज नहीं आएगा." शेजारच्या दोघी वळून बघायला लागल्या. अहो, भाचीसाठी बघत होते! पण ते सांगण्याइतकाही धीर उरला नाही. आता वाशीला एका दुकानात जाते. तिथली बाई माप विचारतच नाही, एक नजर टाकते आणि कुर्ते हातावर घेऊन येते. "ताई, हा खांद्यात बसेल. हा दंडाला घट्ट झाला तर बाही मोकळी करून देऊ." इतकंच हवं असतं हो.

नेरूळकर काका
जरा लांबेल. गडद निळा कुर्ता घेतला, पहिल्याच धुण्यात रंग गेला आणि माझी बनियनं आकाशी झाली. लेबलवर लिहिल्याप्रमाणे गार पाण्यातच धुतला होता, सौ. साक्षीला आहे. परत घेऊन गेलो तर कॅशियरने पाटीकडे बोट दाखवलं: सेलचा माल बदलून मिळणार नाही. पाटी होती, मान्य. पण न आवडलेला कपडा वेगळा आणि सदोष कपडा वेगळा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत छापली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत.

मॅनेजर क्रेडिट नोटवर आला. मला त्या दुकानातून आणखी काही घ्यायचंच नव्हतं, नोट घेऊन करू काय? १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथेच उभं राहून नंबर लावायला घेतला. पैसे कार्डावर परत आले. पोरगेलासा मॅनेजर नंतर हळूच म्हणाला, "काका, रिफंडसाठी आम्हाला हेड ऑफिसला मेल टाकावा लागतो." म्हणजे ज्याच्याशी मी अर्धा तास भांडलो, त्याच्या हातात काहीच नव्हतं.

एसीखाऊ
कपडे जांभळी नाक्याला, मॉलमध्ये फक्त गारवा खायला. मला कोणी विचारलं नाही तर बरंच वाटतं. मागे मागे फिरणारा सेल्समन दिसला की मी चपलांच्या विभागात पळतो.

दिव्याहून
एसीखाऊ, मागे फिरायला आम्हाला हौस नसते. मी ठाण्यात एका मोठ्या दुकानात फ्लोअरवर होते. सकाळी शटर उघडायच्या आधी ब्रीफिंग: काल किती विकलं, आज टार्गेट किती. ग्राहक एकटा सोडायचा नाही. शर्ट घेतला की पँट दाखवायची. शनिवार-रविवारची सुट्टी मागायची नाही. ट्रायल रूममध्ये लोक ढीग टाकून जातात, उलटे, लिपस्टिक लागलेले. ते सुलटे करून जागेवर लावायचे आणि त्याच वेळी नव्या माणसाकडे बघून हसायचं. बसायला स्टूलसुद्धा नव्हतं. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्यानेच सक्तीचं केलं. आम्ही ट्रायल रूम रिकामी दिसली की आत जाऊन दोन मिनिटं टेकायचो.

राममारुतीरोडवाली ताई, तुमच्या जीन्सबद्दल. मोठ्या दुकानांत बरेच जण एकेका ब्रँडने ठेवलेले असतात. दुसऱ्या ब्रँडची जीन्स विकून त्याचं टार्गेट भरत नाही. म्हणून पगार एकच असतो असं समजू नका. मोबाइलमध्ये बघत होता त्याचं समर्थन नाही करत.

माजिवड्याची बहीण
माझा भाऊ अंध आहे. विवियाना मॉलने झेवियर्स कॉलेजच्या दृष्टिहीनांसाठीच्या केंद्राच्या मदतीने हाताने चाचपून आणि आवाजातून माहिती कळेल अशी सोय केली होती. ती उत्तमच, पण दुकानाच्या आत शेवटी माणूस लागतो. एरवी सगळे मला विचारतात, "यांना कोणता रंग आवडतो?" जसा काही तो तिथे नाहीच. एका दुकानातला सेल्समन मात्र थेट त्याच्याशी बोलला. कापड हातात दिलं, म्हणाला, "सर, निळा आहे, पण शाळेच्या युनिफॉर्मचा नाही, त्याहून गडद. कॉलरच्या आत पांढरी पट्टी आहे." भाऊ म्हणाला, पट्टी नको. दुसरा आणला. बाहेर आल्यावर त्याने मला ऐकवलं, "तू कधी पट्टी सांगितली नव्हतीस."

कोपरीकर
बिल करताना मोबाइल नंबर मागतात, नाही दिला तर म्हणे सिस्टिम पुढे जात नाही. जाते. नंबरचा आग्रह धरू नका असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवलंय. पिशवीचंही तेच. आधी न सांगता काउंटरवर पिशवीचे पैसे लावणं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये अनुचित ठरवलं. मी घरूनच कापडी नेतो.

राममारुतीरोडवाली
दिव्याहून, मग निवांत दाखवतील अशी वेळ कोणती?

दिव्याहून
मंगळवार-बुधवार, जेवणाच्या वेळेआधी. सेलच्या पहिल्या शनिवारी मात्र येऊ नका, तेव्हा आमचं आम्हालाच काही सापडत नाही. आणि पँट खालून कमी करून हवी असेल तर मास्टर आहे का ते फोन करून विचारा, तो रोज नसतो.